झिजलेला टाक

बजाजनगरच्या घरात सखूबाईंच्या देव्हाऱ्यात सासूचा चांदीचा टाक होता. मेलेल्या माणसाचं तोंड त्यावर कोरलेलं असतं. पण सखूबाईंनी तो रोज राखेनं असा घासला, की सासूचं नाक-डोळे पार सपाट झाले.

"आत्याबाई, झिजलेला टाक गंगेत सोडावा म्हणत्यात. तवाच घरात नवा जीव धरतो," सून अंबिका भीतभीत म्हणाली. सहावा सरत आला तरी तिच्या पोटातलं लेकरू हाललं नव्हतं.

"म्हातारीनं मला लई छळलंय. इतक्यात सुटका नाय तिची!"

पण नातवंडापायी नमावं लागलं. पैठणच्या एसटीत मुठीतला टाक कोमट होत गेला. गोदागंगेच्या घाटावर दोघी उतरेस्तोवर तो अंगाइतका ऊन झाला.

"जा बाई. माझ्या मनातूनबी सोडलं तुला," म्हणत सखूबाईंनी मूठ उघडली. टाक बुडाला.

"आत्याबाई, हाललं!" अंबिकेनं रडत-हसत त्यांचा हात पोटावर ठेवला.

सखूबाईंचं हसू अर्ध्यातच थांबलं. ती लाथ नव्हती. भाकरी करपली की सासू दोन बोटांत कातडी धरून चिमटा काढायची, तसाच चिमटा आतून त्यांच्या तळहाताला बसला.

आणि सुटेना.