डांबरी रस्ता

"घोडीला सहा महिने विश्रांती दिली, सांधा आता ठणठणीत आहे," साहेब स्पर्धेच्या डॉक्टरांना सांगत होते.

विश्रांती म्हणे! दीड महिन्यातच हिच्या उड्या पुन्हा सुरू केल्या. रोज संध्याकाळी सुजलेला गुडघा शेकत बसायचो मी, तिचा मोतद्दार.

"पळवून दाखवा," डॉक्टर म्हणाले.

"वाळूवरून ने," साहेबांनी मला हळूच बजावलं. मऊ वाळूत लंगडी घोडीसुद्धा धड दिसते, घोड्यांतलं एवढंच काय ते त्यांना ठाऊक.

मी लगाम धरला आणि तिला सरळ डांबरी रस्त्यावर घेतलं. टापा एकसारख्या वाजेनात. डॉक्टरांनी लगेच हात वर केला. "थांबा. ही स्पर्धेत उतरणार नाही."

साहेब लालबुंद झाले. "गाढवा, तुला काही कळतं का?"

"घोडी कळते," मी म्हणालो.