सिंहासन तुमचंच आहे

गोलनूशताईचं लग्न मोडलं. पण आमच्या घरात विचाराल तर तसं काही घडलेलंच नाही. सियामक नावाचा मुलगा इस्फहानला कधी आलाच नव्हता, आणि त्यानं आणलेला मिठाईचा डबा आम्ही संपवलाच नव्हता.

तर या न आलेल्या सियामकला बाबा राजवाडा दाखवायला घेऊन गेले. तिथली रखवाली बाबांकडेच आहे. शाहचं सिंहासन बघून सियामक म्हणाला, "वा! काय सुंदर आहे!"

"तुमचंच आहे, घेऊन जा," बाबा म्हणाले.

आमच्याकडे कुणी कशाचं कौतुक केलं की असं म्हणायचं असतं, आणि समोरच्यानं तीनदा नको म्हणायचं असतं. जर्मनीत वाढलेला सियामक म्हणाला, "खरंच? मग उद्या टेम्पो आणतो."

बाबांना आपला शब्द मागे घेता येईना. घरी आल्यावर आई म्हणाली, "द्या ना! शाहचा पलंगपण द्या आंदण!"

"ज्याला साधं नको म्हणता येत नाही, त्याला मुलगी द्यायची कशी?" असं म्हणून बाबांनी लग्न मोडलं.

ताई एवढंच म्हणाली, "या घरात बोललेलं खरं मानणारा पहिलाच माणूस आला होता."

सकाळी टेम्पो खरंच आला.



माननीय पुरातत्त्व खात्यास नम्र विनंती, की सदर सिंहासन तातडीने देण्यात यावे. टेम्पो राजवाड्याच्या दारात उभा असून सिंहासन मिळेपर्यंत आमची ताई त्यातून खाली उतरण्यास नकार देत आहे.