प्यो बाईंचा नवरा

"आजोबा, पाय खाली घ्या. ती सीट दुसऱ्यांची आहे."

हवाईसेविका सेरिनने पुन्हा सांगितलं. म्हाताऱ्याने बूट-मोजे काढून दोन्ही पाय शेजारच्या रिकाम्या सीटवर पसरले होते.

"मग त्यांना दुसरीकडे बसवा. इथे कुणी बसायचं नाही."

त्या सीटवरची क्योंगमी नाक दाबून केव्हाच मागच्या रांगेत गेली होती. "राहू दे गं पोरी," ती म्हणाली. "तैपेईतसुद्धा याचं हेच चाललं होतं. आम्ही बाईंसाठी सहल काढली आणि याने बाईंना हॉटेलच्या खोलीबाहेर पडू दिलं नाही. जेवणसुद्धा खोलीत!"

बाई म्हणजे खिडकीशी बसलेल्या प्यो बाई. आजूबाजूच्या रांगांमध्ये एकसारख्या जांभळ्या टोप्या घालून बसलेल्या साठीच्या बायका एके काळी बुसानच्या शाळेत त्यांच्या वर्गात होत्या. बाईंची पाठ अजून ताठ होती. केस नीट बांधलेले, गळ्याशी रेशमी रुमाल. जाता-येता कुणी वाकून नमस्कार केला, की बाई हसून विचारत, "अभ्यास झाला का?" आणि सगळ्या टोप्या खिदळत.

"बाई, पाणी देऊ?" सेरिनने विचारलं.

"तिला काय विचारतेस? मला विचार," नवरा खेकसला. "नकोय पाणी."

सेरिनने ट्रॉली पुढे ढकलली. मागच्याच महिन्यात एका प्रवाशाच्या विनवणीला भुलून तिने नियम मोडू दिला होता. त्याबद्दल शेवटची ताकीद मिळाली होती. आता एक जरी चूक झाली, तरी गणवेश परत करावा लागणार होता. तेव्हापासून ती प्रत्येक उड्डाणात जीव मुठीत धरून वावरत होती.

थोड्या वेळाने म्हातारा बायकोचा दंड धरून मागच्या टॉयलेटपाशी आला आणि तिच्यापाठोपाठ आत शिरू लागला.

"आजोबा, एका वेळी एकच जण."

"मी सोबत जाणार."

"बाई, यांना आत यायला हवंय का तुम्हाला?"

बाई नुसत्या हसल्या. मागे उभी असलेली एक टोपी पुटपुटली, "शी! इथेही पाठ सोडत नाही मेला."

म्हातारा अचानक मऊ पडला. "पोरी, दोनच मिनिटं. तुझ्या पाया पडतो."

सेरिनने पडद्यापाशी उभ्या असलेल्या मेंगताईंकडे पाहिलं. त्या सेविकांच्या प्रमुख. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"नाही जमणार. त्या एकट्या जातील. मी आहे ना बाहेर."

म्हाताऱ्याने रांगेतल्या टोप्यांकडे पाहिलं. मग बायकोला घेऊन जागेवर गेला.

विमान उतरू लागलं. पट्टे बांधायची सूचना झाली तेवढ्यात तो बायकोला ओढत पुन्हा उठला.

"आत्ता जायला हवं! आत्ताच!"

"बसा! विमान हलतंय!" सेरिनने त्याचा खांदा दाबून त्याला खाली बसवलं.

सेरिन उष्टे पेले गोळा करत परत आली, तेव्हा म्हातारा बायकोकडे बघत होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. दुसऱ्याच क्षणी त्याने सेरिनच्या हातातल्या ट्रेवरून कुणाचं तरी थंडगार उरलेलं रामयॉन, शेवयांचं तिखट सूप, उचललं आणि अख्खं बायकोच्या मांडीवर उपडं केलं. वर टोमॅटोचा रस ओतला.

"असलं घाणेरडं खायला घालता लोकांना?" तो ओरडला. "घाणेरडं! सगळं घाणेरडं!"

लाल रस्सा बाईंच्या स्कर्टवरून सीटवर, सीटवरून खाली ओघळला. शेवया कापडाला चिकटून राहिल्या. बाई दचकून रडू लागल्या.

"नालायका! बाईंच्या अंगावर?" क्योंगमीने मागून त्याच्या डोक्यात टोपी हाणली. मग आणखी कुणीतरी हाणली. त्याने डोकंसुद्धा चुकवलं नाही.

सेरिनने बाईंना पांघरुणात गुंडाळलं आणि पुढच्या रिकाम्या सीटकडे नेऊ लागली. तेव्हा मात्र म्हाताऱ्याने तिची बाही पकडली.

"तिला नेऊ नका. मला बांधा, मारा, काय हवं ते करा. पण तिला माझ्याजवळ राहू द्या!"

"आणखी काय करायचं राहिलंय तुम्हाला?" सेरिन म्हणाली आणि तिने बाही सोडवून घेतली. मेंगताईंनी प्लास्टिकच्या पट्टीने त्याचे हात बांधले.

बुसानला विमानाच्या दारातच दोन पोलीस उभे होते. त्यांनी म्हाताऱ्याला पुढे आणलं.

"आजी, हे तुमचे पती ना?"

बाईंनी त्याच्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं.

"नाही," त्या सभ्यपणे म्हणाल्या. "मी यांना ओळखत नाही."

मागे टाळ्यांचा कडकडाट झाला. क्योंगमीच्या डोळ्यांत पाणी आलं. "शाब्बास, बाई! उशिरा का होईना, सुटलात!"

म्हातारा पोलिसांपुढे कमरेत वाकला. "त्या म्हणतात ते खरं आहे. चला." मग सेरिनजवळून जाताना हळूच म्हणाला, "पांघरूण काढू नकोस गं तिचं. तिला थंडी वाजते."

त्याचं तोंडही सेरिनला बघवत नव्हतं.

क्योंगमीने आपल्या बॅगेतून धुतलेली पँट काढून दिली. ती घेऊन सेरिन बाईंना पुढच्या टॉयलेटमध्ये घेऊन गेली. कित्येक दिवसांनी तिला मोकळं वाटत होतं. नियम पाळला होता आणि एका बाईची सुटकाही झाली होती. तिने दार लावलं, पांघरूण सोडलं, स्कर्टवरच्या शेवया निपटून काढल्या आणि ओला स्कर्ट खाली ओढला.

बाईंनी लहान मुलीसारखे दोन्ही हात वर केले. मग वाकून सेरिनच्या कानाशी कुजबुजल्या, "आई, मला परत शू झाली गं. वर्गातल्या मुलींना सांगू नकोस हं."