पाच तारखेचा सौदा

"तारीख पाच टाक," उखर्डू आबा म्हणाले.

बन्सीलाल एजंटने पेन उचलून त्यांच्याकडे पाहिलं. आरटीओ ऑफिससमोर निंबाखाली वीस वर्षांपासून त्याचं टेबल होतं. असं गिऱ्हाईक रोज येत नाही.

"आबा, आज सतरा आहे. आजचीच टाकतो ना."

"पाच."

"पाचही चालते तशी. विक्रीपासून चौदा दिवसांत कागद आत गेले म्हणजे झालं. पण पोराचा टेम्पो बापाच्या नावावर करायचा, त्याला कोण मुहूर्त बघतं?"

आबांनी पिशवीतून आरसी बुक काढलं, त्यात घडी घातलेले दोन फॉर्म. दोन वर्षांपूर्वी टेम्पो घेतला तेव्हाच बन्सीलालने कोऱ्या फॉर्मवर आबांच्या पोराच्या, मगनच्या सह्या घेऊन ठेवल्या होत्या. तो सगळ्यांच्याच घ्यायचा. पुढं गाडी विकायची झाली तर मालकाला सहीसाठी सावद्याहून जळगावला खेटे नकोत. बुक आणि फॉर्म घरी पेटीत, पेटीची किल्ली म्हाताऱ्याच्या करगोट्याला.

"मगनला विचारलं का?"

"सही त्याचीच हाये ना? मंग झालं."

बन्सीलालने मान हलवली. "बरं झालं आज आलात. सोमवारपासून सगळ्या गाड्या कॉम्प्युटरवर चढणार. तेव्हा बुकात ज्याचं नाव असेल तेच मशीनमध्ये पक्कं."

"मशीनमधी माहं नाव दिसलं पाह्यजे."

"या वयात नावाची हौस, आबा?" बन्सीलाल हसला. फॉर्म भरता भरता कुरकुरला, "आतले साहेब वैतागलेत. एक तर ते मशीन. त्यात भुसावळ रस्त्यावर नशिराबादजवळ कुणीतरी मास्तरला उडवून पळालं, तर पोलीस गाड्यांची यादी मागत बसलेत. आपलं काम कधी व्हायचं?"

"मंग तू लवकर जाय," आबा म्हणाले. आणि चहा बशीत ओतला.

बन्सीलाल कागद आत देऊन परत आला, तेवढ्यात मगन आला. आला तो टेबलावर हात आपटतच.

"पेटी उघडी होती. तुह्याच सुनेनं सांगितलं, सुनंदानं. काय चालवलं तू हे, आबा?"

"आवाज कमी कर."

"कसाले? ऐकू दे ना लोकायले! बाप पोराची गाडी चोरून राह्यला!"

निंबाखालचे बाकीचे एजंट लिहायचे थांबले. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

"चार दिवसांपासून याचे नाटकं चालू हायेत, बन्सीभाऊ," मगन म्हणाला. "किल्ली घेतो आन् गावात चकरा मारतो. ज्याच्या त्याच्या दारासमोर हॉर्न! जलमभर ट्रॅक्टर चालवलं, आता म्हाताऱ्याले टेम्पोचा शौक आला."

"लोकायनं पाह्यलं पाह्यजे, गाडी कोण चालवतं ते."

"पाह्यलं? ऐकलं ना?" मगन सगळ्यांकडे वळला. "गाडी मी आणली. केळी मी भरतो. आन् मालक हा!"

"तूच बोल मंग," आबा शांतपणे म्हणाले. "भुसावळचा सरळ रस्ता सोडून पाच-सहा दिवस झाले यावलवरून फिरतो. डिझेल काय झाडाले लागतं? गाडी सकायी धुतो, सांजच्याले पुन्हा धुतो. दोन-दोन तास. अशा माणसाच्या हाती मी गाडी नाही देत."

मगनचा आवाज एकदम खाली आला. "तिकडचा रस्ता खराब हाये," म्हणाला.

"असीन."

मग मगन हळू आवाजात म्हणाला, "सुनंदाले सातवा लागला, आबा. मी काय करू?"

"केळीच्या वखारीत जाय. सांजच्याले घरी तं येशीन."

हे मात्र मगनला सोसलं नाही. त्याने खिशातून किल्ली काढली आणि टेबलावर फेकली. "घे! आजपासून तू माहा बाप नाही. मेला तं मातीलेही येणार नाही मी."

तो गेला. आबांनी किल्ली उचलली, धोतराच्या सोग्याला पुसली, खिशात टाकली.

"जरा जास्तच झालं, आबा," बन्सीलाल म्हणाला.

"बुक कव्हा भेटीन?"

शुक्रवारी दुपारी बुक मिळालं. आबा स्वतः टेम्पो चालवत आले होते. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी बन्सीलालला नाव वाचायला लावलं, मग तारीख वाचायला लावली, मग परत नाव.

"उखर्डू रामा चौधरी. पाच दोन नव्व्याण्णव. झालं समाधान?" बन्सीलाल तिडकीने म्हणाला. त्याला राहवलं नाही. "बाई दोन जिवांची, आणि पोराला उघड्यावर टाकलंत. रात्री झोप तरी लागेल का तुम्हाला?"

"आता लागीन," आबा म्हणाले.

त्यांनी बुक पिशवीत घातलं आणि टेम्पो चालू केला. बन्सीलाल पाठमोऱ्या टेम्पोकडे बघत शेजारच्या एजंटला म्हणाला, "असा बाप वैऱ्यालाही नको."

अर्ध्या तासाने टेम्पो पोलीस ठाण्यासमोर थांबला. आबांनी तो सावलीत नीट लावला, आत गेले आणि हवालदाराच्या टेबलावर बुक ठेवलं. वर किल्ली ठेवली.

"काय काम आहे, आबा?"

"अकरा तारखेले नशिराबादजवळ मास्तरले उडवलं, ती गाडी बाहेर उभी हाये. माह्या नावावर हाये, आन् चालवत मीच होतो. पोराचं आन् माहं पटत नाही, साहेब. त्याले मी गाडीले हातही लावू देत नाही. कोणालेही विचारा."