दारं पाराकडं

शहाऐंशी साली नगरपालिकेनं वस्तीत बायकांसाठी संडास बांधले. अध्यक्षांच्या नावाची पाटी रस्त्यावरून दिसावी म्हणून दारं काढली थेट पारासमोर. पारावर दिवसभर सासरे नि थोरले दीर बसलेले. त्यांच्यासमोरून चपला हातात घेऊन जाणाऱ्या सुना टमरेल घेऊन कशा जाणार? संडासाकडं कुणी फिरकलंच नाही.

अध्यक्ष बायकोला घेऊन जीपमधून पाहणीला आले नि भडकले, "बांधून दिलं तरी बाया उघड्यावरच जायल्यात! तुमाला सुधरायचंच न्हाई."

कासाबाईच्या अंगाची लाहीलाही झाली. सासऱ्यासमोर कधी मान वर न केलेली ती सून सरळ पारावर चढली आणि सासऱ्याच्याच शेजारी मांडी घालून बसली.

"साहेब, बाईसाहेबाला उतरवा खाली. टमरेल मी भरून देते. त्या जाऊन येईस्तोर आमी सगळे इथंच बसून बघताव."