दोन आकडे

आकडा ऐकला आणि तिला हसू फुटलं.

भीती वाटली की हसायचं, ही तिची लहानपणापासूनची खोड. आज तर भीती होती आणि आनंदही, त्यामुळे हसू दुपटीनं आलं. तिनं ते पाण्याच्या घोटाबरोबर गिळायला बघितलं, तर ठसका लागला.

समोर विमा कंपनीची तीन माणसं बसली होती. मधे मुख्य साहेब. त्यांच्या शेजारी पगार-सल्लागार. मोठ्या हुद्द्यावरच्या माणसाला किती द्यावं, एवढंच सांगायचा त्याचा धंदा. टेबलाच्या टोकाला आत्याबाई. कंपनी त्यांनीच उभी केलेली, साहेब त्यांचा सख्खा भाचा. ऐंशी ओलांडलेल्या आत्याबाई डोळे मिटून बसल्या होत्या. झोपल्यात की ऐकतायत, कळायला मार्ग नव्हता.

"हा आकडा हवेतून नाही काढलेला," सल्लागार मोठ्या अभिमानानं म्हणाला. "कंपनी केवढी, तुमचा अनुभव किती, बाकीच्या कंपन्या त्यांच्या जोखीम-प्रमुखाला काय देतात, सगळं मांडलंय. बेचाळीस रकाने आहेत, मॅडम!"

बेचाळीस रकाने तिला दिसतच नव्हते. तिला दिसत होता घरचा फ्रिज, ज्याचं दार सुतळीनं बांधलेलं होतं. आठ महिने ती घरी बसून होती. आधीच्या कंपनीत ती सांगून सांगून दमली होती, की एकाच नदीच्या काठावरच्या इतक्या कारखान्यांचा विमा आपण एकट्यानं घेऊ नये, पूर आला तर आपणच वाहून जाऊ. पूर काही आला नाही. घाबरट म्हणून तिलाच घरी पाठवलं. आला असता, तर शहाणी ठरली असती. या धंद्यात एकाला शहाणं ठरायला बाकीच्यांचं वाटोळं व्हावं लागतं.

सकाळी तिचे बूट पुसून देताना नवरा म्हणाला होता, "आजच्या दिवस एक कर. ते म्हणतील त्याला हो म्हण. तुझा नन्नाचा पाढा पहिला पगार झाल्यावर सुरू कर."

तिनं कबूल केलं होतं. अगदी मनापासून.

नेमणुकीच्या कागदावर सही करायला तिनं पेन उचललं. नवा फ्रिज येणार होता, लेकीच्या दातांना तार बसणार होती, उरलेल्या पैशांचं काय करायचं हा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदाच पडणार होता. पेनाचं टोक कागदाला टेकलं, आणि तोंडानं दगा दिला.

"एक विचारू? या जागेवरचे आधीचे दोघं का गेले?"

"नाही जमलं त्यांचं," साहेब म्हणाले. "दोघांनाही पगार वाढवून दिला होता. तरी गेले."

"म्हणून तर या खेपेला दुप्पट!" सल्लागार म्हणाला.

"आणि मला काही धोका दिसला, तर मी कोणाला सांगायचं?"

"मला. अर्थातच."

"आणि मला काढून टाकायचं झालं, तर ते कोण ठरवणार?"

"मीच. अर्थातच."

मग मात्र तिला आवरेना. ती हसत सुटली. डोळ्यांतून पाणी आलं, खांदे हलायला लागले. सल्लागारालाही कारण नसताना हसू आलं आणि तो रुमालात तोंड लपवायला लागला. साहेब दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिले. हसता हसताच तिनं त्या आकड्याखाली दुसरा आकडा लिहिला आणि कागद पुढे सरकवला.

सल्लागारानं वाकून बघितलं. त्याचं हसू जागच्या जागी विरलं. "मॅडम, हा तर तिसरा हिस्सा झाला! तुम्ही कमी मागताय?"

"मी दोन्ही मागतेय. तुम्ही निवडा," ती डोळे पुसत म्हणाली. "खालचा आकडा माझ्या बोलण्याचा. जे दिसेल ते मी थेट आत्याबाईंना सांगणार, आणि मला काढायचं तर त्यांनीच काढायचं. वरचा आकडा माझ्या गप्प बसण्याचा. गप्प बसायला मला फार जड जातं, म्हणून तो महाग."

बोलून गेली आणि तिला वाटलं, संपलं. आता घरी कुठल्या तोंडानं जायचं? पण गंमत अशी, की तिला रडू येत नव्हतं. उंच भिंतीवरून डोळे मिटून उडी मारावी आणि पाय जमिनीला लागायच्या आत वारा कानात घुसावा, तसं काहीतरी झालं होतं. सगळं अंग हलकं झालं होतं.

सल्लागार आपल्या रकान्यांमधून बोट फिरवत होता. बोलायचं आणि गप्प बसायचं, असे रकाने काही त्याला सापडेनात.

साहेबांनी मात्र सुटकेचा निःश्वास टाकला. खुर्चीत मागे रेलून ते प्रसन्न हसले.

"एवढंच ना, मॅडम? आपली कंपनी मोठी आहे. पैशाचं काही मनात आणू नका. वरचाच देऊ आपण!"

सल्लागाराचं बोट थांबलं. साहेबांचं हसू ओठांवर थोडा वेळ तसंच राहिलं, मग त्यांचं त्यांनाच काहीतरी उमगलं आणि ते हळूहळू उतरत गेलं.

आत्याबाईंनी डोळे उघडले.

"खालचा मंजूर," त्या म्हणाल्या. "आणि काम आत्तापासूनच सुरू करा, बाई. आधी आमच्या या भाच्याला विचारा, तुम्ही गप्प बसावं म्हणून हा एवढे पैसे मोजायला निघाला होता, ते नेमकं कशाबद्दल?"