रुखवतातली जीप

विनोदकाकांनी वीतभर जीप टपाला धरून उचलली आणि पुढची काच निसटून करंज्यांच्या ताटात पडली.

"अरेच्चा, कच्चीच हाय की ही!" नवरदेवाचे हे काका हसले. चूक जीपची होती, त्यांच्या बोटांची नव्हे. मग त्यांना मागच्या चाकांवरची लाल धूळ दिसली. खिशातून रुमाल काढून त्यांनी ती खसाखसा पुसलीसुद्धा. "रुखवतात मांडायची वस्तू. जरा साफ तरी करायची!"

शेजारच्या खोलीत मनस्वी गौरीहर पुजायला बसली होती. दार सताड उघडं होतं आणि रुखवताचं टेबल समोरच. काकांनी पुसलेली धूळ म्हणजे अंगणातला जांभा होता. तो तिने पाट्यावर वाटला होता, ओढणीतून गाळला होता आणि कोरड्या ब्रशने चाकांवर असा बसवला होता की जीप नुकतीच पालीहून रत्नागिरीला पॅसेंजर सोडून आल्यासारखी वाटावी. मूठभर तांदूळ हातात धरून ती बघत राहिली. तळहाताला तांदूळ रुतले तरी तिने मूठ सोडली नाही.

जीपपुढे एक कार्ड उभं केलं होतं. सोनेरी अक्षरात लिहिलं होतं, 'वधूबंधू नितेश यांची कलाकृती.' ही तिच्या आईची, सगुणाची, अक्कल. मुलगी तासन् तास कटर, पॉलिशपेपर आणि रंगाच्या बाटल्या घेऊन गाड्या बनवते, हे सासरच्यांना कळलं तर म्हणे हसं होईल. नितेशला तर ब्रश कुठल्या टोकाने धरायचा हेही ठाऊक नव्हतं.

"हा बघा आमचा कारागीर!" काकांनी नितेशला पुढे ओढलं. "चिकटव बघू काच. आणि आमच्या गाडीची पण एक करून दे हां."

"होय काका, करतो की," नितेश म्हणाला. त्याला लाज कशी ती वाटली नाही. मंडपवाल्याकडून त्याने सुपरग्लूची ट्यूब मागून आणली.

"नितेश, तो गोंद नको!" मनस्वी आतून ओरडली.

"गप गो," सगुणा दारात आडवी उभी राहिली. "गौरीहराकडे बसलेल्या नवरीने असं बोंबलायचं नसतं."

नितेशने काचेच्या चारी कडांना भरपूर गोंद फासला आणि काच दाबून बसवली. त्या गोंदाची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर बसते. काचेला साधा पांढरा गोंद लागतो, तोही थेंबभर, आणि वर रात्रभराचा धीर. लोक करंज्यांचं कौतुक करत होते तोवर जीपची काच मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखी पांढरी झाली. तारेचं स्टिअरिंग, डॅशबोर्डवरचा तांदळाएवढा गणपती, सीटवर टाकलेला बाबांचा टॉवेल, सगळं आतल्या आत बुजलं.

टॉवेलवाले बाबा, महिपत, टेबलाच्या टोकाशीच उभे होते. खरी, रस्त्यावरची जीप त्यांची होती. मनस्वी तिची मापं घेत होती तेव्हा टेपचं दुसरं टोक त्यांनीच धरलं होतं. आणि सकाळी कार्ड वाकडं झालं होतं, तेही त्यांनीच सरळ केलं होतं.

मनस्वी उठली. आईचा हात बाजूला सारून ती टेबलापाशी आली. मुंडावळ्या हलत होत्या. तिने कार्ड उचलून करंज्यांच्या ताटात टाकलं.

"ही मी केलीय."

काका क्षणभर गांगरले, मग पुन्हा हसले. "असू दे गो! भावाने केलान काय नि बहिणीने केलान काय, घरातलीच ना? आता लग्नानंतर कुठला वेळ मिळतोय तुला असल्या खेळांना!"

सकाळी सामानातून तिची पेटी गायब झाली होती. रंग, ब्रश, चिमटे आणि अर्धवट झालेली एसटी, सगळं त्या पेटीत होतं.

"आई, माझी पेटी कुठाय?"

"घरी, माळ्यावर. राहू दे तिथेच. ती काय सासरी न्यायची वस्तू हाय?"

मनस्वी वडिलांकडे वळली. "बाबा, जीप कोणी केली?"

महिपत पांढऱ्या काचेकडे बघत होते. "तूच केलीस, बाय."

"मग इतका वेळ तोंड का शिवलं होतंत?"

चार माणसांत मुलगी असं बोलली आणि त्यांनी मान वर केली नाही.

"माळ्यावरची पेटी घेऊन या," ती म्हणाली आणि आत जाऊन पुन्हा गौरीहरापुढे बसली.

महिपतनी कनवटीची किल्ली काढली. बाहेर जीप सुरू झाल्याचा आवाज आला.

थोड्या वेळाने भटजींनी हाक दिली, "नवरीला आणा! वधूपिता कुठे आहेत?"

"माझी पेटी आणायला गेलेत," मनस्वी आतूनच म्हणाली. "आली की धरा अंतरपाट."

"अगो, मुहूर्त टळेल!" सगुणा रडकुंडीला आली.

"मुहूर्त तुम्ही काढलात. पेटी मी भरली होती."

पाटावर उभ्या असलेल्या नवऱ्यामुलाच्या, स्वरूपच्या, कानात कोणीतरी कुजबुजलं. "कसली पेटी?" त्याने मोठ्याने विचारलं. सगळे रुखवताकडे बघत होते. त्याने हातातला हार खाली ठेवला, तो टेबलापाशी आला आणि वाकून जीपच्या काचेतून आत बघू लागला.

"काहीच दिसत नाही," तो म्हणाला.

"पेटी येऊ दे," आतून मनस्वीचा आवाज आला. "ती काच काढून टाकते. मग दिसेल."